राक्षसाचा कोट

आमच्या घरातला दिवा खोलीच्या मधोमध नव्हता. चाळीतल्या बाकी सगळ्या बिऱ्हाडांत तो आढ्याच्या मध्यावर लोंबायचा. आमच्याकडे मात्र वायर भिंतीच्या कडेकडेनं ओढून चुलीच्या वर, बरोबर अव्वा बसायची तिथं आणलेली होती. सगळा उजेड अव्वाच्या तोंडावर आणि आमच्या पाट्या-पुस्तकांवर आमचीच सावली. मी आणि माझी थोरली बहीण महानंदा, दोघी कुरकुरायचो. अव्वा म्हणायची, "दिवा तिकडं न्हेला की भाकरी करपंल. करपल्याली खाशीला का?" ज्वारीची भाकरी ती इतकी पातळ थापायची की ताटात पडल्यावर कडा आपोआप मोडायच्या, आणि करपलेली एकही भाकरी मला आठवत नाही. त्यामुळं दिवा भाकरीसाठीच आहे, हे मी तेरा वर्षांची होईपर्यंत खरं मानून चालले. आता या वयात हसू येतं. शाळेत सगळ्यांच्या आधी हात वर करणारी मी, पण घरातल्या दिव्याचं कोडं काही मला सुटलं नव्हतं.

अव्वा म्हणजे आई आणि अप्पा म्हणजे वडील, हे आमच्या अक्कलकोटकडच्या बोलीतले शब्द. घरात अर्धं कानडी, अर्धं मराठी चालायचं, आणि शेजारच्या पद्मक्काच्या दारात विड्या वळायला बायका बसल्या की तेलुगूही कानावर पडायचं. अप्पा सोलापुरात कापडाच्या गिरणीत, विणाईच्या खात्यात माग चालवायचे. तिथले त्यांचे दोस्त संध्याकाळी आमच्या कट्ट्यावर येऊन बसायचे आणि तिघं-चौघं मिळून नुसते ओठ हलवत गप्पा मारायचे. आवाज नाही की काही नाही, आणि मध्येच सगळे मांडीवर थाप मारून हसायचे. मागांच्या खडखडाटात ओरडून काही उपयोग नसतो, म्हणून त्या खात्यातले सगळेच ओठ वाचायला शिकलेले असत. आम्हा पोरांना ती मोठी गंमत वाटायची. सुट्टीच्या दिवशी आम्ही 'गिरणी-गिरणी' खेळायचो, म्हणजे तोंडातून आवाज न काढता एकमेकींशी भांडायचं. जिच्या तोंडून पहिल्यांदा आवाज फुटेल ती बाद. त्या खेळात मी चाळीत पहिली होते, हे पुढं येणार आहे म्हणून सांगून ठेवते.

अप्पा स्वतः बोलायचे ते मात्र वरच्या पट्टीत. "मीठ दे" म्हणाले तरी भांडण काढल्यासारखं वाटायचं. अंगानं उंच, खांदे रुंद, कपाळावर भस्माचे पट्टे आणि हा असा आवाज. आम्ही दोघी त्यांना भ्यायचो. मारलं त्यांनी कधीच नाही, पण भीतीला काय, आवाज पुरतो. त्यांना काही सांगायचं असलं तर आम्ही अव्वाला सांगायचो, ती पुढं पोचवायची. अगदीच थेट बोलायची वेळ आली तर मान खाली, नजर पायाच्या अंगठ्यावर आणि आवाज हळू. हे कुणी बसवून शिकवलं नव्हतं. आमच्या चाळीतल्या सगळ्याच पोरी बापाशी तशा बोलायच्या. जी वर बघून बोलेल तिला लगेच "लई शानी झालीया" असं ऐकावं लागायचं. आणि गंमत म्हणजे अव्वा स्वतः नवऱ्याच्या समोर बसून, त्याच्या तोंडाकडं बघून बोलायची. बायकांना ते खुपायचं. "बाई लई धीट, नवऱ्याच्या डोळ्याला डोळा लावती," असं नळावर चालायचं. अव्वा तिकडं लक्ष द्यायची नाही. जेवताना पाण्याचा तांब्या ती फरशीवर जरा दणकन ठेवायची, अप्पा वर बघायचे, आणि मग ती बोलायची.

आमची शाळा सातवीपर्यंतच होती. महानंदा सातवी झाली आणि दुसऱ्या दिवशी पद्मक्काच्या दारात सूप घेऊन बसली. सुपात तेंदूची पानं, तंबाखू आणि दोरा. तिचे हात इतके चलाख की पद्मक्का सगळ्यांना बोलावून दाखवायची. महिन्याभरात तिच्या अंगाला तो तंबाखूचा उग्र वास लागला आणि आम्ही एका वाकळेखाली झोपायचो, त्यामुळं माझ्याही. आता पुढची पाळी माझी. माझ्यासाठी सूप आणून ठेवलेलंच होतं, भिंतीला टेकवून. मला ते सूप बघवायचं नाही. मला हायस्कुलात, आठवीत जायचं होतं. अव्वाला विचारण्यात अर्थ नव्हता. तिचा हिशेब ठरलेला होता. "आठवी शिकल्याल्या पोरीला धावी शिकल्याला नवरा हुडकावा लागतोय. तुजा बाप कुटं हुडकत फिरंल?" म्हणून मी ठरवलं की अव्वाला मध्ये घ्यायचं नाही, अप्पांनाच विचारायचं.

चार वेळा विचारलं. अप्पा जेवायला बसलेले असताना, बाजूला उभी राहून, रीतीप्रमाणं अंगठ्याकडं बघत. पहिल्यांदा विचारलं तर ते ताक पिऊन उठून गेले. दुसऱ्यांदा त्यांनी शेंगाची चटणी मागितली. तिसऱ्यांदा मी जरा जास्त वेळ उभी राहिले, तर त्यांनी ताटातला धपाट्याचा तुकडा उचलून माझ्या हातावर ठेवला, जणू मी त्यासाठीच उभी आहे. चौथ्यांदा काहीच केलं नाही, नुसतं खात राहिले. 'नाही' म्हणाले असते तर रडून मोकळी झाले असते. पण माझ्या बोलण्याला उत्तरसुद्धा द्यावंसं वाटू नये? तो धपाट्याचा तुकडा मी खाल्ला नाही, मोरीत टाकला. मला अप्पांचा राग आला होता, आणि तो साधासुधा नव्हता. परीक्षा जवळ आली होती आणि मी मनातल्या मनात बापाशी बोलणं सोडलं होतं. आधी तरी कुठं बोलत होते म्हणा.

अप्पांचा एकच शौक. रविवारी सकाळी टॉकीजमध्ये इंग्लिश पिक्चर लागायचं, ते बघायला ते नेमानं जायचे. हिंदी नाही, मराठी तर नाहीच. इस्त्रीचा लेंगा-शर्ट, टोपी, सायकल. चाळीत चेष्टा व्हायची, "निघालं बगा सायब." इंग्लिशचं एक अक्षर न येणारा माणूस दर रविवारी इंग्लिश पिक्चरला कशाला जातो, याची कारणं लोकांनी आपापल्या परीनं लावली होती आणि त्यातली काही चांगली नव्हती. अव्वा काहीच बोलायची नाही. उलट शर्टाला इस्त्री तीच करायची, तांब्यात निखारे घालून.

त्यातच एका रविवारी अप्पा टांग्याखाली येता येता वाचले. टांगेवाला म्हणे मागून बोंबलत होता, घंटी वाजवत होता, आणि हे आपले रस्त्याच्या मधून सायकल हाकताहेत. कोपर सोलवटलं, सायकलचं चाक वाकलं. टांगेवाल्यानं चाळीपर्यंत येऊन शिव्या घातल्या. अव्वानं ऐकून घेतलं, हळद लावली आणि पुढच्या रविवारी सकाळी मला म्हणाली, "सुगे, आज तू जायाचं अप्पासंगं."

"पिक्चरला? मी?"

"व्हय. म्होरं दांडीवर बसायचं. मागनं गाडी आली की त्यांच्या हातावर थापटी मारायची. डाव्या हातावर मारलीस की ती डावीकडं घ्येतील. मी सांगितलंया त्येनला."

"त्यांना घंटी ऐकू येत नाही का?" असं मी विचारलं नाही. आज मला त्याचं नवल वाटतं. पण रागावलेल्या माणसाला बाकी काही दिसत नसतं. माझ्या डोक्यात एवढंच होतं की ज्या बापानं चार वेळा मला उत्तर दिलं नाही त्याच्या सायकलच्या दांडीवर मला बसायचं आहे. पिक्चरचा मोह नसता तर मी पोट दुखतंय म्हणून सांगितलं असतं.

टॉकीजमध्ये त्या खेळाला बाई-माणूस नव्हतंच. खालच्या बाकांवर गिरणीतले लोक, बरेचसे रात्रपाळी करून आलेले. काही तर पंख्याखाली झोपायलाच आलेले. विडीचा धूर, शेंगांची टरफलं पायाखाली कुरकुर वाजताहेत. मी अप्पांच्या शेजारी बाकाच्या टोकाला अंग चोरून बसले. पिक्चरचं नाव मला तेव्हाही वाचता आलं नाही. बाहेरच्या कापडी बोर्डावर कुणीतरी मराठीत नुसतं 'राक्षसाची धमाल' असं रंगवलं होतं.

काळं-पांढरं पिक्चर. डोंगरावर एक जुना किल्ला, आत एक प्रोफेसर, त्याचे केस विजेचा धक्का बसल्यासारखे उभे. त्यानं एक राक्षस तयार करून टेबलावर झोपवून ठेवलेला. राक्षस दाराच्या चौकटीपेक्षा उंच, मानेला आणि कपाळाला शिवणीचे टाके. त्याचं लग्न ठरलंय आणि लग्नाचा कोट शिवायचाय, म्हणून गावातून दर्जी बोलावलेला. एक जाडा दर्जी आणि त्याच्याबरोबर तोंडात टाचण्या धरलेला एक किडकिडीत माणूस. तो त्याचा मेहुणा असणार असं मी ठरवून टाकलं, कारण जाडा त्याच्यावर सारखा खेकसत होता आणि तो निमूट ऐकून घेत होता. कोट कुणासाठी शिवायचा आहे हे त्यांना माहीत नाही. चादरीखाली झोपलेल्याचं माप घ्यायचं. टेप संपते, माणूस संपत नाही. जाडा दर्जी पुन्हा पहिल्यापासून मोजतो. मग चादर जराशी सरकते आणि मानेवरचे टाके दिसतात. कुणीही दुसरा असता तर किंचाळला असता. हा चष्मा वर करतो, वाकून टाके बघतो आणि जिभेनं चुकचुकतो. शिवण वाकडी आहे! सगळं थेटर हसून कोसळलं. कापडात जन्म गेलेली माणसं ती, त्यांना ते कुणी समजावून सांगायला नको होतं. मागच्या बाकावरून एकजण ओरडला, "अबे, दोरा बी कच्चा दिसतोय की!" मी इतकी हसले की राग विसरून अप्पांच्या दंडाला धरलं.

अप्पाही हसत होते. पण जरा उशिरा. आधी त्यांनी डावीकडं बघितलं, मग उजवीकडं, लोकांची तोंडं बघितली आणि मग हसले.

पुढं तो प्रसंग आला. जाडा दर्जी पायमशीनवर कोट शिवायला बसलाय, मशीन धडधड चाललंय, पाठ टेबलाकडं. आणि टेबलावरचा राक्षस हळूहळू उठून बसतो. एक पाय खाली टाकतो, दुसरा टाकतो. दर्जी आपला मान डोलवत शिवतोय. थेटरातले झोपलेलेसुद्धा जागे होऊन ओरडायला लागले, "अबे मागं बघ! मागं बघ की!" बाकांवर हात आपटताहेत, शिट्ट्या घालताहेत, हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडताहेत. मीही ओरडत होते. आणि त्यातच माझ्या शेजारून अप्पांचा तो वरच्या पट्टीतला आवाज आला, "मिशन चालू हाय त्याचं! त्याला कसं ऐकू यील? हसतायसा काय?"

त्यावर सगळे दुप्पट हसले. पुढच्या बाकावरचा माणूस मागं न वळताच म्हणाला, "ओ काका, हळू बोला, राक्षस उठंल की!" आणखी हशा. अप्पांनी त्याच्याकडं बघितलंच नाही. त्यांना तो काय बोलला ते कळलंच नव्हतं. त्यांनी पुन्हा डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, लोक हसताहेत असं दिसलं आणि तेही हसायला लागले. लोक त्यांनाच हसत होते आणि ते लोकांच्यात हसत होते. माझं हसू जागच्या जागी थांबलं.

मध्यंतर झालं. अप्पा सोडावाल्याकडं गेले. मी त्यांच्या पाठीमागं चार पावलांवर उभी राहिले आणि म्हणाले, "अप्पा." ते वळले नाहीत. जरा मोठ्यानं म्हणाले, "अप्पा." नाही. मग चांगली ओरडले. सोडावाल्यानं माझ्याकडं बघितलं, दोन माणसांनी बघितलं, आणि सोडावाल्याची नजर कुठं गेली हे बघून अप्पा मागं वळले. "काय गं, निंबू पायजे का गोड?" त्या भल्यामोठ्या आवाजात. मला एकदम सगळं कळलं. चुलीवरचा दिवा, दणकन ठेवलेला तांब्या, हातावरची थापटी. आणि धपाट्याचा तुकडा. चार वेळा अंगठ्याकडं बघत मी जे विचारलं होतं ते या माणसापर्यंत पोचलंच नव्हतं. बाजूला येऊन उभ्या राहिलेल्या पोरीला भूक लागली असेल एवढंच त्यांना समजलं होतं. मी सोडा घेतला आणि बाटलीतली गोटी बघत उभी राहिले, कारण डोळ्यांतलं पाणी त्यांना दिसायला नको होतं.

इंग्लिश पिक्चरचंही तेव्हाच कळलं. हिंदी पिक्चरला सगळे बोलणं ऐकून हसतात, तिथं हा माणूस एकटा पडला असता. इंग्लिश कुणालाच येत नाही. तिथं सगळं थेटरच त्याच्यासारखं. आठवड्यातून एक सकाळ अप्पा चार लोकांच्या बरोबरीनं बसून येत होते. मी आजवर पुष्कळ पिक्चरं बघितली, पण लोक पिक्चरला कशाकशासाठी जातात याचा विचार त्या सोडावाल्यापाशी केला तेवढा पुन्हा कधी केला नाही.

मध्यंतरानंतर मी बाकावर उलटी बसले, म्हणजे पडद्याकडं पाठ आणि तोंड अप्पांकडं. पडद्याचा उजेड कडेनं माझ्या गालावर येत होता. मान वळवून थोडं बघायचं आणि मग 'गिरणी-गिरणी' खेळातल्यासारखं, आवाज न काढता, ओठ नीट हलवून सांगायचं. अप्पा आधी दचकले. मग त्यांचं कपाळ सैल झालं. मी सांगायला लागले. सांगायला लागले म्हणजे काय, रचायला लागले. पाचवीपासून इंग्लिश होतं आम्हाला, त्यात मला 'हे मांजर आहे, ती गाय आहे' एवढं येत होतं आणि त्या किल्ल्यात मांजर नव्हतं की गाय नव्हती. मग मी ठोकून दिलं. "जाड्या म्हणतोय, काय बे मेहुण्या, तुझ्या बहिणीच्या नादानं हितं आलो. मेहुणा म्हणतोय, दाजी, ह्याला एक कोट पुरायचा न्हाई, आपल्या सोलापूरची जोडचादर आना. जाड्या म्हणतोय, गप शीव. मेहुणा म्हणतोय, ह्याच्या नवरीचं माप कोन घ्यायचं?" अप्पा हसत होते. कुणाकडं न बघता, आधीच, थेटरच्याही आधी. ते हसले की शेजारचे त्यांच्याकडं बघून हसायला लागले. माझ्या बापाचं ते हसणं बघून मला इतका आनंद झाला की मी आणखी ठोकत गेले.

राक्षस मात्र पिक्चरभर बोलत नव्हता. त्याला बोलताच येत नव्हतं. लोकांनी पळापळ केली की तो हात पुढं करून उभा राहायचा. शेवटी लग्न मोडतं, नवरी पळून जाते, आणि तो नवा कोट घालून एकटाच जिन्यावर बसतो. तिथं मी अप्पांकडं तोंड करून, त्याच दमात सांगितलं, "जाड्या म्हणतोय, रडू नगो, कोट झ्याक झालाय. मेहुणा म्हणतोय, आमच्या दुकानात चल. आन् मी म्हणतीया, अप्पा, मला आठवीला जायचंय. हायस्कुलात."

ते हसता हसता थांबले. माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मग पडद्याकडं बघायला लागले आणि पिक्चर संपेपर्यंत काही बोलले नाहीत. मला वाटलं, संपलं, पाचव्यांदा.

परत येताना मी दांडीवर, उन्हं डोक्यावर आलेली. बऱ्याच वेळानं माझ्या डोक्यावरून आवाज आला, "कवाधरनं मनात हाय तुज्या?" पाठमोरी असताना बोलून उपयोग नाही हे आता मला माहीत होतं. मी हात वर करून चार बोटं दाखवली. अप्पांनी सायकल थांबवली. मला खाली उतरवून समोर उभं केलं.

"चार काय? चार म्हैने?"

"चार वेळा विचारलं तुमाला. जेवताना."

"मला? म्या काय म्हनलो?"

"काय न्हाई. धपाटं दिलं."

त्यांचं तोंड कसंनुसं झालं. रस्त्यावरून एक बैलगाडी गेली, मी सवयीनं त्यांच्या हातावर थापटी मारली. ते बाजूला झाले. मग हळू म्हणाले, म्हणजे त्यांच्या मानानं हळू, "खाली बगून इचारलीस व्हय गं?" मी मान हलवली. त्यानंतर घरापर्यंत ते सायकलवर बसले नाहीत, मला दांडीवर बसवून सायकल ढकलत आणली.

घरी अव्वा दिव्याखाली बसली होती. अप्पांनी चपला काढता काढताच सांगितलं, "सुगी आठवीला जानार."

अव्वानं वर बघितलं. ओठ स्वच्छ हलवत म्हणाली, "आनि लगीन?"

"हुईल की. तुला म्हाईत हाय का, हिला इंग्लिश येतंया. सगळं पिक्चर सांगितली मला. अशी पोर इड्या वळाय बसवू व्हय?"

अव्वा माझ्याकडं बघत राहिली. मला किती इंग्लिश येतं हे तिला चांगलं माहीत होतं. चाचणीतले माझे इंग्लिशचे गुण तिनं अप्पांपासून लपवलेले होते. मी अंगठ्याकडं बघायला लागले. ती एवढंच म्हणाली, "जावा, हातपाय धुवा. पिठलं हाय, गार व्हतंय." दुपारी अप्पा झोपल्यावर मी तिला विचारलं, किती वर्षं झाली, आम्हाला का नाही सांगितलंस. ती सुपातली ज्वारी निवडत होती. "तू पाळण्यात व्हतीस तवापासनं त्येनला कमी ऐकाय येतंय. हळूहळू गेलं. आनि सांगून? दोन पोरी हायती माज्या पदरात. बहिऱ्याच्या पोरी म्हनलं की कोन दारात येतंय?" मग ती सूप झाडत म्हणाली, "मला वाटलं, माज्या एकटीनं निभंल." तिचं निभलं होतंही. फक्त आम्हा पोरींना बाप उरला नव्हता, ते तिच्या लक्षात आलं नाही, आणि त्यासाठी मी तिला दोष देत नाही.

मी हायस्कुलात गेले. अप्पांनी गिरणीत सांगून ठेवलं होतं, "पोरगी इंग्लिश सांगती." आता खोटं पडायची सोय नव्हती. त्या एका थापेच्या धाकानं मी इंग्लिश शिकले, असं म्हटलं तरी चालेल. पाठ केलं, घोकलं, शब्दकोश उशाशी घेऊन झोपले. पुढं कितीएक वर्षं मी पोरांना तोच विषय शिकवला. दर रविवारी पिक्चरला जाणंही चालूच राहिलं, आणि हळूहळू मी रचायचं कमी आणि खरं जास्त सांगायला लागले. खरं सांगू? खरं सांगायला लागल्यापासून अप्पा जरा कमी हसायचे.

मागच्या महिन्यात नातीनं ते पिक्चर शोधून काढलं. दर्जी, राक्षस, लग्नाचा कोट एवढ्यावर तिला कॉम्प्युटरवर सापडलं कसं कोण जाणे. खाली बोलण्याची अक्षरं येत होती, पण मला आता त्यांची गरज नव्हती. मी रचलेलं एकही वाक्य त्यात नव्हतं. किडकिडीत माणूस मेहुणा नव्हताच, तो दर्ज्याचा घरमालक होता आणि थकलेलं भाडं वसूल करायला बरोबर आला होता. नात म्हणाली, "आजी, म्हणजे तू पणजोबांना सगळं खोटंच सांगितलंस?" मी म्हटलं, हो. आणि ते त्यांना माहीत होतं.

ते मला कळलं त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. गिरणी कधीच बंद पडली होती, अव्वाही गेली होती आणि अप्पा माझ्याकडं राहायला आले होते. एका सकाळी आम्ही दोघं दारात उन्हाला बसून शेंगा फोडत होतो. मनावरचं ते ओझं मी किती दिवस बाळगणार? त्यांच्यासमोर बसले, तोंड उन्हाकडं केलं आणि सांगून टाकलं, की अप्पा, त्या राक्षसाच्या पिक्चरच्या वेळी मला इंग्लिश येत नव्हतं, मी सगळं मनानं सांगितलं होतं.

अप्पांनी एक शेंग फोडली, दाणे माझ्या हातावर ठेवले. "म्हाईत हाय मला."

"कसं?"

"तो बारका मानूस सारा येळ टाचन्या तोंडात धरून बसल्याला की. टाचन्या धरून मानूस बोलतोय व्हय? आनि तू तर लई बोलनी सांगितलीस त्याची." ते हसायला लागले. "सारं आयुष्य तोंडं वाचन्यात गेलं माजं. मला न्हाई कळनार?"

"मग इंग्लिश येतंय म्हणून अव्वाला का सांगितलंत? शाळेत का घातलंत?"

त्यांनी टरफलं गोळा केली, धोतराच्या सोग्यानं ओठ पुसले आणि त्याच जुन्या वरच्या पट्टीत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तेरा वर्साची झालीस तवा पयल्यांदा तू माज्याकडं तोंड करून बोललीस. म्या पिक्चर कुटं बगत व्हतो?"